न्यू जर्सीची प्रायमरी: एकाच पक्षाचे सहा जण आणि ३४ टक्क्यांत तिकीट?

कृष्णाकाठ (१२ जून २०२५)

मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझी आतेबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, आता सिटिझन झालीय, परवा मंगळवारी तिने गव्हर्नरच्या प्रायमरीत मत दिलं आणि फॅमिली ग्रुपवर स्टिकरचा फोटो टाकला. मी सहज म्हटलं कोण निवडून आलं, तर म्हणे अजून कोणीच नाही, ही नुसती तिकिटाची निवडणूक, खरी नोव्हेंबरात. मग मी थोडं वाचलं तर डोकंच फिरलं. डेमोक्रॅटिक पक्षातूनच सहा जण उभे, त्यातले दोन खासदार, दोन मोठ्या शहरांचे महापौर, एक शिक्षक संघटनेचा अध्यक्ष आणि एक राज्याच्या सिनेटचा माजी अध्यक्ष, सगळे एकमेकांवर टीव्हीवर जाहिराती करतायत, आणि शेवटी मिकी शेरिल म्हणून ज्या बाई जिंकल्या त्यांना ३४ टक्के. म्हणजे पक्षाच्या ६६ टक्के लोकांना त्या नकोच होत्या की!

आपल्याकडे कसं, इच्छुक पन्नास असतात पण मुलाखती होतात, यादी वरून येते, एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे ते शेवटच्या दिवशी कळतं, मग बंडखोरी, मग मनधरणी. तिथे तिकीट देतं कोण? पक्षाला काहीच से नाही का? आणि हरलेले पाच जण आता गप्प बसणार? आमच्या तालुक्यात असं झालं असतं तर पाचच्या पाच अपक्ष उभे राहिले असते.

---

एडिसनकर (१२ जून २०२५)

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, इथे वीस वर्षं राहिलेल्यांनाही हे धड माहीत नसतं.

थोडक्यात सांगतो. तिकीट मतदार देतात, पक्षाध्यक्ष नाही. ठरलेल्या सह्या गोळा केल्या की कोणीही पक्षाच्या प्रायमरीत उभा राहू शकतो, पक्ष त्याला थांबवू शकत नाही. मतदान सरकारी यंत्रणाच घेते, तीच केंद्रं, तीच मशीन, सकाळी ६ ते रात्री ८. मंगळवार असतो आणि सुट्टी नसते, यंदा आठवडाभर आधीपासून अर्ली व्होटिंगही होतं. सगळ्यात जास्त मतं ज्याला तो उमेदवार. निम्म्याहून जास्त मतं हवीत अशी अट न्यू जर्सीत नाही. टेक्सास, जॉर्जियात ५० टक्के नसतील तर पहिल्या दोघांची परत निवडणूक लागते. पलीकडे न्यूयॉर्क शहरात पसंतीक्रमाने मत देतात, त्यांची महापौरपदाची प्रायमरी २४ तारखेला आहे, नदी ओलांडली की नियम बदलला.

मत कोण देऊ शकतो यातही गंमत आहे. इथे नोंदणी करताना पक्ष लिहिता येतो, पण एक तृतीयांशाहून जास्त मतदार 'अनअफिलिएटेड' असतात म्हणजे कुठल्याच पक्षात नाहीत. ते त्या दिवशी केंद्रावर जाऊन सांगतात मला डेमोक्रॅटिक बॅलट द्या किंवा रिपब्लिकन द्या, आणि तिथल्या तिथे त्या पक्षाचे होतात. आधीच एका पक्षात नाव असेल तर मात्र ५५ दिवस आधी बदलावं लागतं, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्या पक्षात शिरून त्यांचा कमकुवत उमेदवार निवडून देऊ असं कोणी म्हणेल तर जमत नाही.

आकडे: शेरिल ३४, नेवार्कचे महापौर रास बराका २० च्या आसपास, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलोप १६, खासदार जॉश गॉटहायमर १२ च्या आत, शिक्षक संघटनेचे शॉन स्पिलर १० च्या वर आणि स्टीव्ह स्वीनी ७. रिपब्लिकनांकडे जॅक सिएटरेलींनी जवळपास ६८ टक्के घेतले, तिथे लढत अशी राहिलीच नव्हती. ट्रम्प यांनी मे महिन्यात पाठिंबा दिला आणि रेडिओवाले बिल स्पेडिया, जे स्वतःला खरे ट्रम्पवादी म्हणवत होते, ते तिथेच संपले. गंमत म्हणजे याच सिएटरेलींनी २०१५ साली ट्रम्पना भोंदू म्हटलं होतं. राजकारण सगळीकडे सारखंच.

---

सावळा_गोंधळ (१३ जून २०२५)

एडिसनकरांनी नियम बरोबर सांगितले, पण 'तिकीट मतदार देतात' हे वाक्य न्यू जर्सीत जेमतेम वर्षभरापूर्वीपर्यंत कागदावरच होतं. कृष्णाकाठ, तुमचा 'पक्षाला काहीच से नाही का' हा प्रश्न इथे खरा आहे, कारण इथल्या पक्षनेत्यांनी मतपत्रिकेच्या छपाईतच आपला से बसवून ठेवला होता. त्याला म्हणत 'काउंटी लाइन'.

बहुतेक राज्यांत कसं असतं, गव्हर्नर या पदाचा एक चौकोन, त्यात सगळ्या इच्छुकांची नावं, खाली दुसऱ्या पदाचा चौकोन. न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा) तसं नव्हतं. काउंटीच्या पक्षाध्यक्षाने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे, वर सिनेटर किंवा प्रेसिडेंट, त्याखाली खासदार, त्याखाली काउंटीचे पदाधिकारी, पार खाली गावातला नगरसेवक, सगळे एकाच उभ्या रांगेत आणि ठळक जागी. बाकीचे? ते दूर कुठेतरी तिसऱ्या चौथ्या सातव्या रांगेत, मधे कोऱ्या जागा, कधी अनोळखी माणसाच्या शेजारी. इथले लोक त्याला बॅलटचा सैबेरिया म्हणतात. मतदार बिचारा संध्याकाळी कामावरून येतो, वरचं मोठं नाव ओळखीचं दिसतं, तिथून सरळ खाली खुणा करत जातो. रटगर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सास रुबिन यांनी यावर बरंच काम केलंय, एकच उमेदवार एका काउंटीत लाइनवर आणि दुसऱ्या काउंटीत लाइनबाहेर असेल तर मतांत सरासरी ३० टक्क्यांहून जास्त फरक पडतो असं त्यांना दिसलं. आणि काही काउंट्यांत पाठिंबा गुप्त मतदानाने ठरायचा हे खरं, पण काही मोठ्या काउंट्यांत अध्यक्षाच्या मनात आलं की ठरलं. आता सांगा, एबी फॉर्म आणि यात फरक किती?

ही लाइन मोडली कशी ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचा खटला दाखल झाला, घरात रोकड आणि चक्क सोन्याच्या विटा. दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम यांनी जाहीर केलं, मी त्यांच्याविरुद्ध उभा राहतोय. कोणाला विचारलं नाही. (हे तेच, ६ जानेवारी २०२१ च्या दंगलीनंतर रात्री कॅपिटॉलमध्ये गुडघ्यावर बसून कचरा उचलताना ज्यांचा फोटो आला होता.) मग नोव्हेंबरात उतरल्या टॅमी मर्फी, म्हणजे गव्हर्नर फिल मर्फींच्या पत्नी, याआधी कुठलीच निवडणूक न लढलेल्या आणि २०१४ पर्यंत रिपब्लिकन म्हणून नोंदणी असलेल्या. आणि काही दिवसांत मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी रांगेने त्यांना पाठिंबा दिला. म्हणजे मत एकही पडलेलं नाही आणि तिकीट जवळजवळ ठरलं.

पण जिथे कार्यकर्त्यांचं गुप्त मतदान होतं तिथे चित्र उलटं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉनमथ काउंटीत, मर्फींच्या स्वतःच्या काउंटीत, किम जिंकले. त्याच महिन्यात किम फेडरल कोर्टात गेले की ही मतपत्रिकाच घटनाबाह्य आहे. मार्चमध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनेच, तेही गव्हर्नर मर्फींनीच नेमलेल्या, कोर्टाला कळवलं की मी या पद्धतीचा बचाव करणार नाही. आठवड्याभरात, २४ मार्चला टॅमी मर्फींनी माघार घेतली आणि २९ तारखेला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी लाइन वापरायला मनाई केली. हा निकाल त्या वर्षी फक्त डेमोक्रॅटिक प्रायमरीला लागू झाला, रिपब्लिकनांनी जुनीच मतपत्रिका छापली. मग यंदा मार्चमध्ये कायदाच बदलला, दोन्ही पक्षांना चौकोनवाली मतपत्रिका.

म्हणून परवाची प्रायमरी ही गव्हर्नरसाठीची पहिलीच बिनलाइनीची प्रायमरी. सहा जण शेवटपर्यंत टिकले त्याचं कारण हे आहे. पूर्वी असती तर जानेवारी-फेब्रुवारीत चार अध्यक्षांनी कुठल्यातरी डायनरमध्ये बसून ठरवलं असतं आणि निम्मे इच्छुक तेव्हाच घरी गेले असते. २०१७ ला मर्फींच्या वेळी साधारण असंच झालं होतं, फुलोप आणि स्वीनी दोघेही त्यावेळी इच्छुक होते आणि दोघेही २०१६ मध्येच बाजूला झाले.

३४ टक्क्यांवर नाराज व्हा हवं तर, पण सहा जणांत ३४ हे मला ठरवून आणलेल्या एकाच नावापेक्षा बरं वाटतं.

---

तिखटमीठ (१३ जून २०२५)

लेख छान पण निष्कर्ष पटला नाही. लाइन गेली, मग जिंकलं कोण? ज्यांना जास्तीत जास्त मोठ्या काउंटी संघटनांचा पाठिंबा होता त्याच शेरिल. मिडलसेक्स त्यांच्याकडे, एसेक्स त्यांच्याकडे, हडसन त्यांच्याकडे. जरा विचार करा, नेवार्क एसेक्समध्ये आणि नेवार्कचा महापौर स्वतः उभा, तरी एसेक्सची संघटना शेरिलबरोबर. जर्सी सिटी हडसनमध्ये, तिथला महापौर उभा, तरी हडसनची संघटना शेरिलबरोबर. छपाई बदलली पण पाठिंब्याचं पत्रक, फोन करणारी माणसं, केंद्रावर उभे राहणारे कार्यकर्ते, वर्गणीदार सगळं जिथल्या तिथे आहे. रांग मतपत्रिकेवरून गेली, डोक्यातून नाही.

पैशाचं कोणी बोललंच नाही अजून. या प्रायमरीत दोन्ही पक्ष आणि बाहेरचे गट मिळून १० कोटी डॉलरच्या वर उडाले. स्पिलर यांचं बघा, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष, त्यांच्या स्वतःच्या मोहिमेने इतका कमी निधी जमवला की अधिकृत डिबेटलाही पात्र ठरले नाहीत, आणि संघटनेशी जोडलेल्या गटाने त्यांच्यासाठी साडेतीन कोटी डॉलरच्या वर खर्च केला. पाचवा नंबर! वर्गणी शिक्षकांची. गॉटहायमरांकडे तर पैशाचा डोंगर होता, एआयने बनवलेल्या जाहिरातीत ते ट्रम्पबरोबर बॉक्सिंग खेळताना दिसत होते, उघड्या अंगाने. मालमत्ता कर १५ टक्के कमी करतो म्हणाले. चौथा नंबर.

---

सावळा_गोंधळ (१३ जून २०२५)

@तिखटमीठ, मग तुमच्याच उदाहरणांवरून सांगा, पैसा आणि संघटना एवढी चालत असेल तर बर्गन काउंटीची संघटना गॉटहायमरबरोबर आणि पैसाही त्यांच्याकडे, ते चौथे का? दक्षिणेकडची सगळी जुनी यंत्रणा स्वीनींबरोबर, बारा वर्षं सिनेटचे अध्यक्ष होते ते, सहावे का? (अवांतर: हेच स्वीनी २०२१ मध्ये स्वतःच्या मतदारसंघात एका ट्रक ड्रायव्हरकडून हरले होते, एड डर त्यांचं नाव, ज्यांनी प्रचारावर किरकोळ खर्च केला होता.) आणि बराका? एकही मोठी संघटना नाही, पैसा कमी, ९ मे रोजी नेवार्कच्या डिलेनी हॉल या आयसीईच्या (स्थलांतरितांवर कारवाई करणारी केंद्रीय यंत्रणा) स्थानबद्धता केंद्राबाहेर अटक झाली, गुन्हा नंतर मागे घेतला गेला, आणि दुसरा नंबर. जुन्या मतपत्रिकेवर ते सैबेरियात असते, २० टक्के सोडा, लोकांना नाव सापडलं नसतं.

शेरिल जिंकल्या याला संघटना हे एक कारण. दुसरं, त्या स्वतः उमेदवार म्हणून भक्कम आहेत. नौदल अकादमी, हेलिकॉप्टर पायलट, मग वकिली, फेडरल प्रॉसिक्युटर, २०१८ मध्ये पिढ्यानपिढ्या रिपब्लिकनांकडे असलेला मतदारसंघ फिरवला. घरोघरी फोन करणाऱ्याला सांगायला सोपी गोष्ट आहे ही.

---

हडसनपार (१४ जून २०२५)

तुम्ही सगळे संघटना आणि मतपत्रिकेत अडकलात, मी साधी मतदार म्हणून लिहिते. जर्सी सिटीत राहते, कामाला मॅनहॅटनला जाते. आमच्या बिल्डिंगमध्ये पाच-सहा देशी घरं आहेत आणि या वेळी प्रायमरीवर जेवढी चर्चा झाली तेवढी मी कधीच ऐकली नव्हती, नाहीतर जूनमधली प्रायमरी म्हणजे शाळा संपायची गडबड, इंडियाची तिकिटं, बॅगा, कोणाच्या लक्षातही नसतं.

बोलायचे काय तर तीनच गोष्टी. मालमत्ता कर, राज्याची सरासरीच १० हजार डॉलरच्या वर गेलीय. विजेचं बिल, १ जूनपासून दर वीस टक्क्यांपर्यंत वाढले आणि १० ला मतदान, यापेक्षा वाईट मुहूर्त सत्ताधारी पक्षाला मिळाला नसता. आणि ट्रेन, मे महिन्यात एनजे ट्रान्झिटच्या इंजिन ड्रायव्हरांनी संप केला, तीन दिवस गाड्या बंद, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

फुलोपना आमच्याकडे बऱ्यापैकी मतं पडली. एडिसनमध्येच वाढलेला मुलगा, आईवडील रुमानियातून आलेले, वडिलांचं नेवार्कमध्ये डेली म्हणजे सँडविचचं दुकान होतं, गोल्डमन सॅक्सची नोकरी सोडून ९/११ नंतर मरीन्समध्ये गेला. आणि त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं की काउंटी अध्यक्षांचा पाठिंबा मागायलाच जाणार नाही, उलट विधानसभेला आपली माणसं उभी केली. माझं मत मात्र शेरिलना. बराकांचं भाषण सगळ्यात आवडलं होतं, ऐकून उठावंसं वाटतं, पण नोव्हेंबरात सिएटरेली समोर आहेत, २०२१ मध्ये मर्फींना ते तीनच टक्क्यांनी हरले होते, तेव्हा जिंकेल कोण असा विचार केला. मनातलं एक आणि मत एक. माझ्या नवऱ्याने बराकांना दिलं आणि त्यावरून अजून घरात चालू आहे.

---

कृष्णाकाठ (१४ जून २०२५)

वा, इतकं कळेल असं वाटलं नव्हतं. हडसनपार ताई, 'मनातलं एक आणि मत एक' हे आमच्याकडेही अगदी असंच. पण बंडखोरीचं कोणीच सांगितलं नाही. बराकांना २० टक्के आहेत, त्यांनी अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं तर?

---

एडिसनकर (१४ जून २०२५)

नाही राहू शकत. प्रायमरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष अर्ज करायला कायद्यानेच बंदी आहे. आणि तसंही अपक्षांच्या अर्जाची शेवटची तारीख प्रायमरीचाच दिवस असते, म्हणजे निकाल लागायच्या आत ते दार बंद झालेलं असतं. आधीच ठरवा, पक्षातून लढायचं की बाहेरून. त्यामुळे मनधरणीचा सीझन इथे फार लहान. बराकांसकट बहुतेकांनी लगेच शेरिलना पाठिंबा दिला, नाहीतर करणार काय.

एक महत्त्वाचं, विषय निघालाय म्हणून. ग्रीन कार्ड किंवा एच-वन असलेल्यांनी चुकूनही मतदार नोंदणी करू नये, प्रायमरी असो की काहीही. लायसन्सच्या ऑफिसात फॉर्म भरताना नोंदणीचा प्रश्न येतो, घाईत होकार दिला जातो आणि पुढे सिटिझनशिपच्या वेळी ते प्रकरण अंगाशी येऊ शकतं. नीट वाचून नाही म्हणा.

---

रांगेतला_राजा (१५ जून २०२५)

+१. ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी प्राधान्य तारीख बघता मी ज्या प्रायमरीत मत देईन तिचे उमेदवार सध्या प्राथमिक शाळेत असतील. तोवर मालमत्ता कर भरतो, त्याला सिटिझनशिप लागत नाही.

---

तिखटमीठ (९ डिसेंबर २०२५)

धागा वर काढतोय. नोव्हेंबरचा निकाल सगळ्यांना माहीत आहेच, शेरिल १४ टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने जिंकल्या, लोक तर काट्याची टक्कर सांगत होते. एकाच पक्षाने ओळीने तीनदा गव्हर्नरपद घ्यायचं हे इथे १९६१ नंतर पहिल्यांदा घडलं. म्हणजे कृष्णाकाठ, तुमचे ते '६६ टक्के लोकांना नको होत्या' वाले सगळे नोव्हेंबरात निमूट आले, वर अनअफिलिएटेडही आले.

पण मी धागा काढला तो वेगळ्या कारणाने. शेरिलनी २० नोव्हेंबरला खासदारकीचा राजीनामा दिला आणि ती ११ व्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली, तिची डेमोक्रॅटिक प्रायमरी ५ फेब्रुवारीला. डझनभर लोक उतरलेत, माजी खासदार टॉम मालिनोव्स्की, लेफ्टनंट गव्हर्नर तहेशा वे, एसेक्स काउंटीचे ब्रेंडन गिल, डाव्या बाजूने ॲनालिलिया मेहिया. फेब्रुवारीतला गुरुवार, कडाक्याची थंडी, मतदान किती कमी होईल विचार करा, आणि त्यात बारा जणांत मतं फुटणार. माझा अंदाज, पंचवीस-तीस टक्क्यांत खासदारकीचं तिकीट जाईल. सावळा_गोंधळ, हेही ठरवून आणलेल्या एका नावापेक्षा बरंच का?

---

सावळा_गोंधळ (१० डिसेंबर २०२५)

बरंच. पण पसंतीक्रमाची मतपत्रिका असती तर आणखी बरं, हे तुमच्याशी भांडता भांडता मला पटायला लागलंय. न्यूयॉर्कमध्ये जूनला बघितलंत ना, महापौरपदाच्या प्रायमरीत ममदानी आणि लँडर या दोन उमेदवारांनी एकमेकांना पाठिंबा दिला, मतदाराला पहिली पसंती मनातली आणि दुसरी व्यवहाराची देता आली. हडसनपारांच्या घरातलं भांडणही मिटलं असतं.

---

हडसनपार (१० डिसेंबर २०२५)

नाही हो, मग पहिली पसंती कोण यावरून झालं असतं. ११ व्या मतदारसंघात कोणी राहतं का इथे? माझी मावसबहीण पार्सिपनीला आहे, ती विचारतेय की तिने जूनमध्ये केंद्रावर जाऊन डेमोक्रॅटिक बॅलट घेतलं होतं, तर फेब्रुवारीसाठी तिला परत काही करावं लागेल का.

---

एडिसनकर (११ डिसेंबर २०२५)

काही नाही. जूनमध्ये घेतलं तेव्हाच ती डेमोक्रॅट म्हणून नोंदली गेली, तिने स्वतः बदललं नसेल तर तसंच आहे. पत्ता बदलला असेल तेवढं बघायला सांगा, आणि ५ तारखेला बर्फ असेल असं धरून पोस्टाचं बॅलट आत्ताच मागवा म्हणावं.